एका पानांतील चार भाषा

पुस्तक छापखान्यांत जुळणीस जाण्यापूर्वीं हस्तलिखिताच्या समासांत कांहीं खुणा कराव्या लागत. हें शीर्षक मोठ्या टाइपांत घ्यावें, येथें नवा परिच्छेद धरावा, हा शब्द तिरपा असावा, अशा त्या सूचना असत. त्या वाचकासाठीं नसत, कंपोझिटरासाठीं असत. संगणकावरील ज्या भाषांना आज 'मार्कअप' म्हणतात, त्यांचें नांव आणि त्यांची कल्पना हीं दोन्ही या समासांतील खुणांपासूनच निघालीं आहेत.

इ. स. १९६९ च्या सुमारास अमेरिकेंत आय. बी. एम. कंपनीचे चार्ल्स गोल्डफार्ब, एडवर्ड मोशर व रेमंड लोरी हे तिघे कायद्याच्या कागदपत्रांच्या कामावर होते. मजकूर लिहिण्याचा प्रोग्राम एक, शोधण्याचा दुसरा आणि छापण्याचा तिसरा. एकाच्या खुणा दुसऱ्यास कळत नसत. तेव्हां मजकूर दिसावा कसा हें न सांगतां तो आहे काय, हें सांगणारी एक सामान्य भाषा त्यांनीं रचली. तिघांच्या आडनांवांच्या आद्याक्षरांवरून तिला 'जी. एम. एल.' हें नांव मिळालें. तिच्यापासून निघालेली 'एस. जी. एम. एल.' १९८६ सालीं आंतरराष्ट्रीय मानक ठरली. तिचा विशेष हा कीं, कागदाच्या प्रत्येक प्रकाराचें व्याकरण लेखी मांडलेलें असे. कोणत्या खुणेच्या पोटांत कोणती खूण येऊं शकते, हें त्यावरून यंत्रासहि कळे.

याच काळांत दुसरा एक प्रवाह वाहत होता. माणसानें दोनतीन अक्षरें लिहावीं आणि उरलेला शब्द यंत्रानें पुरा करावा, ही सोय 'टेनेक्स' या प्रणालींत होती. आज्ञेचीं पहिलीं अक्षरें लिहून एस्केपची कळ दाबली कीं काम होई. १९७६ सालीं निघालेल्या 'ईमॅक्स' या एडिटरांत पुढें याहून निराळी युक्ति आली. लेखांत पूर्वीं येऊन गेलेले शब्द शोधून तो नवा शब्द पुरा करी. मात्र शब्दाचा अर्थ किंवा स्थान यांचें ज्ञान त्या युक्तीस नव्हतें.

हे दोन प्रवाह एकत्र आले ते १९९० नंतरच्या दशकांत. लेनार्ट स्टाफ्लिन यांनीं ईमॅक्ससाठीं 'पी. एस. जी. एम. एल.' हें साधन लिहिलें. तें कागदाचें व्याकरण वाचून, कर्सर असेल त्या जागीं नियमाप्रमाणें कोणत्या खुणा चालतील, तेवढ्याच पुढें ठेवी. यंत्र आतां नुसता शब्द आठवीत नव्हतें. त्याला जागा कळूं लागली होती.

परंतु त्याच दशकांत जागेचा प्रश्नच अवघड झाला. टिम बर्नर्स-ली यांनीं जिनीव्हाजवळच्या 'सर्न' संस्थेंत रचलेल्या 'एच. टी. एम. एल.' चें वर्णन १९९१ सालीं प्रसिद्ध झालें होतें. १९९५ सालीं रास्मुस लेर्डॉर्फ यांची 'पी. एच. पी.' आणि ब्रेंडन आइक यांची 'जावास्क्रिप्ट' पुढें आली. होकोन व्यूम ली यांनीं १९९४ मध्यें सुचविलेली रूपसजावटीची भाषा 'सी. एस. एस.' १९९६ च्या डिसेंबरांत अधिकृत शिफारस म्हणून प्रसिद्ध झाली. चारहि भाषांचें व्याकरण निराळें, पण बिऱ्हाड एकाच फाइलींत! कर्सर एक ओळ खालीं उतरला कीं व्याकरण बदले, आणि शेजारच्या भाषेचा शब्द सुचविणारा एडिटर मुळींच न सुचविणाऱ्यापेक्षां अधिक घातक ठरे. कारण नवशिका तीच सूचना खरी मानून स्वीकारी.

या पेचावर एक सरळ उपाय 'व्हिम' या एडिटरांत दिसतो. डच प्रोग्रामर ब्रॅम मोलेनार यांनीं तो १९९१ सालीं प्रथम प्रसिद्ध केला. २००६ सालच्या सातव्या आवृत्तींत कंट्रोल-एक्स व कंट्रोल-ओ या कळांवर चालणारी नवी शब्दपूर्ति आली. पी. एच. पी. चा साहाय्यक प्रथम आपल्या आरंभाची व समाप्तीची खूण शोधतो. कर्सर त्या सीमेबाहेर असेल तर तो काम एच. टी. एम. एल. च्या साहाय्यकाकडे सोंपवितो. आणि सजावटीचा भाग लागला कीं हा दुसरा साहाय्यक सी. एस. एस. च्या जाणकारास पुढें करतो. प्रत्येकानें आपली हद्द ओळखावी, इतकीच ती व्यवस्था आहे. मात्र फाइलीचा प्रकार एडिटरास आधीं कळला पाहिजे. तो चुकीचा ठरला तर चुकीच्याच साहाय्यकास हांक जाते.

तरीहि प्रत्येक एडिटरासाठीं प्रत्येक भाषेचा साहाय्यक निराळा लिहावा लागे. २०१६ च्या जूनमध्यें मायक्रोसॉफ्टनें रेड हॅट व कोडेन्व्ही यांच्यासह 'लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉल' जाहीर केला. भाषेचा जाणकार एकदां तयार करावा व हा करार पाळणाऱ्या सर्व एडिटरांनीं त्याला विचारावें, हें त्याचें सूत्र. मिश्र पानासाठीं 'व्हिज्युअल स्टुडिओ कोड' मध्यें एक सुंदर तोड योजिली आहे. सी. एस. एस. च्या जाणकारापुढें पान ठेवतांना इतर भाषांच्या प्रत्येक अक्षराच्या जागीं कोरी जागा घालतात. जाणकारास फक्त आपलाच मजकूर दिसतो, आणि ओळी व अक्षरें यांचे क्रमांक मात्र तिळभरहि हलत नाहींत.

इतकें होऊनहि सीमा ठरविण्याचा प्रश्न पूर्ण मिटलेला नाहीं. जावास्क्रिप्टमधील अवतरणचिन्हांच्या आंत 'स्क्रिप्ट' संपल्याची खूण जशीच्या तशी आली, तर ब्राउझर तेथेंच तो भाग संपला असें धरतो. अवतरण चालू आहे कीं नाहीं, याची तो पर्वा करीत नाहीं. केवळ जावास्क्रिप्टचें व्याकरण जाणणारा एडिटर मात्र तें अवतरण पुढें चालूच समजेल. म्हणून मिश्र पानांत शब्द सुचविण्यापूर्वीं बाहेरच्या भाषेचा नियम आधीं पाहावा लागतो. कंपोझिटरासाठीं समासांत खूण करणाऱ्यास मजकूर कोठें संपतो व सूचना कोठें सुरू होते हें डोळ्यांनींच कळे. यंत्रास तें प्रत्येक अक्षरागणिक नव्यानें ठरवावें लागतें.