साठ मिनिटे आणि एक छाया

जुनी कादंबरी वीस वर्षांनी पुन्हा हाती घेतली की शब्द तेच असतात, वाचक मात्र बदललेला असतो. हा अनुभव साहित्याच्या विद्यार्थ्याला नवा नाही. जुन्या व्हिडिओ गेमकडे परतताना आणखी एक अडचण उभी राहते. पुस्तक कपाटात वाट पाहत थांबते. खेळ ज्या यंत्रावर चालत असे ते यंत्रच दरम्यानच्या काळात नाहीसे झालेले असते. म्हणून अशा परतीला इतिहासाचा आधार लागतो. 'प्रिन्स ऑफ पर्शिया' या खेळाच्या निमित्ताने त्या इतिहासाकडे पाहावेसे वाटते.

१९९७-९८ च्या सुमारास आमच्या महाविद्यालयाच्या संगणक कक्षात हा खेळ नुसता 'प्रिन्स' म्हणून ओळखला जाई. एका फ्लॉपीवरून दुसऱ्या फ्लॉपीवर उतरवून घेतलेला. सोबत ना पुस्तिका, ना वेष्टन. कर्त्याचे नाव आरंभी पडद्यावर उमटत असे, पण ते वाचायला कोणी थांबत नसे. खेळ सुरू करताना 'प्रिन्स' या आज्ञेपुढे 'मेगाहिट' हा शब्द टंकला की काही गुप्त सवलती मिळत. हे ज्ञान वरच्या वर्गातल्या मुलाने खालच्या वर्गातल्या मुलाला कानात सांगायचे. छापील संहितेपेक्षा हा सारा व्यवहार मौखिक परंपरेच्या अधिक जवळचा होता.

ते न वाचलेले नाव जॉर्डन मेकनर यांचे. येल विद्यापीठात शिकत असतानाच त्यांनी रचलेला 'कराटेका' हा खेळ १९८४ मध्ये प्रसिद्ध झाला होता. पदवीनंतर, १९८५ मध्ये, त्यांनी नव्या खेळाची जुळवाजुळव सुरू केली. धाकट्या भावाला पांढरे कपडे घालून धावायला, उड्या मारायला लावले, त्याचे व्हिडिओ चित्रण केले आणि त्यातील एकेक चौकट गिरवून राजपुत्राच्या हालचाली सिद्ध केल्या. तलवारबाजीसाठी १९३८ च्या 'द ॲडव्हेंचर्स ऑफ रॉबिन हूड' या चित्रपटातील द्वंद्व उपयोगी पडले. संगीत वडिलांनी दिले. ब्रॉडरबंड या प्रकाशनसंस्थेने १९८९ मध्ये ॲपल-२ संगणकासाठी खेळ बाजारात आणला. आपल्याकडे पोचली ती १९९० ची डॉस आवृत्ती.

या राजपुत्राला वजन आहे. लांब उडीपूर्वी त्याला काही पावले धावावे लागते, थांबताना तो किंचित घसरतो, कड्याला बोटांनी लोंबकळतो. त्या वजनामागे एका खऱ्या मुलाचे शरीर आहे हे तेव्हा आम्हाला ठाऊक नव्हते. १९८५ मधला तो मुलगा आजही तितक्याच वयाचा राहून धावतो आहे.

खेळातील सर्वांत लक्षणीय पात्र मात्र टंचाईतून जन्मले. मेकनर यांच्या मूळ कल्पनेत लढाईला स्थान नव्हते. टोमी पियर्स या त्यांच्या सहकारी स्त्रीने लढाई हवीच असा आग्रह धरला. पण नवा शत्रू रेखाटण्याइतकी जागा यंत्राच्या स्मृतीत उरली नव्हती. तेव्हा राजपुत्राचीच आकृती एका बिटने सरकवून तिच्याच मूळ प्रतिमेशी गणिती क्रियेने मिसळली आणि एक चमचमती छाया तयार झाली. चौथ्या टप्प्यात वाट अडवणाऱ्या आरशातून राजपुत्र उडी मारतो, तेव्हा ही छाया पलीकडून बाहेर पडते. पुढे त्याच्या वाट्याचे औषध पिऊन टाकते, दार बंद करून त्याला खाली पाडते. स्मृती अपुरी पडली म्हणून स्वतःचीच छाया वैरी झाली, ही घटना एखाद्या कवीने मुद्दाम रचावी अशी आहे. प्रत्यक्षात ती तांत्रिक निकड होती.

खेळाच्या प्रती जगभर पसरल्या, पण लेखकाच्या हातची मूळ संहिता दोन दशकांहून अधिक काळ हरवली होती. २०१२ मध्ये मेकनर यांच्या वडिलांना घरातल्या एका खोक्यात त्या फ्लॉपी सापडल्या. जेसन स्कॉट या अभिलेखतज्ज्ञाने आणि ॲपल-२ चे जाणकार टोनी डियाझ यांनी त्या वाचून दिल्या, आणि संहिता सर्वांसाठी खुली झाली. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, हे आपण वर्गात शिकवतो. दोन्ही कार्यांची तुलना करण्याचे कारण नाही; तरी प्रसार आणि जतन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा धडा दोन्हीकडे सारखाच मिळतो. संगणक कक्षातल्या आम्ही मुलांनी प्रसार केला. जतन केले ते एका खोक्याने.

अलीकडे एका रात्री हा खेळ मी पुन्हा खेळलो, या वेळी 'मेगाहिट'विना. राजकन्येला सोडवायला तेव्हाइतकीच, साठ मिनिटे. कोणती फरशी पायाखालून निसटते हे मला आठवण्याआधी बोटांना आठवत होते. पूर्वी बाराव्या टप्प्यात छाया समोर आली की आम्ही वार करीत असू. तिला लागलेला प्रत्येक घाव आपल्यालाच लागे. राजपुत्र मरे, आणि मग आम्ही कळ दाबून तो टप्पाच ओलांडून जात असू. म्हणजे खेळाचा गाभा आम्ही कधी खेळलोच नव्हतो.

या खेपेस तलवार म्यान केली. छायेनेही केली. दोघे एकमेकांकडे धावले आणि एक झाले. त्यापुढे वाट संपलेली दिसते, खाली नुसती पोकळी. पण पाऊल टाकले की पायाखाली फरशी उमटत जाते. घड्याळात किती मिनिटे उरली आहेत हे पाहायचे त्या क्षणी माझ्याकडून राहूनच गेले.