दोन चकत्यांची वाट : शक्तिमान मोटारीच्या क्लचचा इतिहास

इंजिनाचे फिरते फ्लायव्हील आणि गिअरबॉक्सचा स्थिर दांडा यांना हळूहळू एका गतीवर आणणे आणि एकदा ती गती जुळली की त्यांना तसूभरही सरकू न देणे, ही क्लचची दोन कामे मुळातच परस्परविरोधी आहेत. कारण पहिल्या कामासाठी घर्षणपृष्ठांना थोडा वेळ घसरावे लागते, तर दुसऱ्यात घसरण हाच दोष ठरतो. साधारण ताकदीच्या गाडीत हा विरोध फारसा लक्षात येत नाही, परंतु पाचशे-सहाशे अश्वशक्तीची गाडी रोज कचेरीला नेणाऱ्याला तो डाव्या पायाच्या पोटरीत जाणवतो. क्लच किती टॉर्क, म्हणजे किती फिरवणारा जोर, पेलू शकेल हे चार गोष्टींच्या गुणाकारावर ठरते : अस्तराचा घर्षणगुणांक, चकती दाबून धरणारा स्प्रिंगचा दाब, चकतीची परिणामी त्रिज्या आणि एकमेकांवर घासणाऱ्या पृष्ठांची संख्या. यांपैकी काय वाढवायचे आणि त्याचा भुर्दंड कोणी सोसायचा, या प्रश्नाभोवतीच क्लचचा इतिहास फिरत आला आहे.

कार्ल बेंझ यांच्या १८८६ च्या तीनचाकी गाडीत स्वतंत्र क्लच नव्हताच. चामड्याचा पट्टा मोकळ्या कप्पीवरून कामाच्या कप्पीवर सरकवला की गाडी चालू लागे. त्यानंतरच्या गाड्यांत शंकूच्या आकाराचा क्लच रूढ झाला. त्यात चामड्याचे अस्तर लावलेला शंकू फ्लायव्हीलच्या तशाच खोलगट भागात जाऊन बसे, आणि पाचरीप्रमाणे रुतत असल्याने थोड्या दाबातही त्याला चांगली पकड मिळे. मात्र चामडे कोरडे पडले की गाडी हिसका देऊन सुटे, आणि त्यावर तेल उडाले की क्लच धरीनासा होई. तेव्हा पहिल्या दोषावर चामड्याला तेल चोळणे आणि दुसऱ्यावर तेल शोषून घेणारी मुलतानी माती भुरभुरणे हे त्या काळच्या चालकांचे नित्याचे उपाय होते.

अस्तराच्या या प्रश्नाचे पुढचे उत्तर इंग्लंडमधील डर्बिशायरच्या डोंगराळ रस्त्यांवरून आले. तेथील गाडीवाले उतारावर ब्रेकच्या ठोकळ्याला जुन्या बुटांचे तुकडे लावतात, हे पाहून हर्बर्ट फ्रूड यांनी १८९७ मध्ये घर्षण-अस्तरे बनवण्याचा उद्योग सुरू केला. स्वतःच्या आडनावातील अक्षरे फिरवून आणि त्यांत ‘ई’ हे इंग्रजी अक्षर घालून त्यांनी त्याला ‘फेरोडो’ हे नाव दिले. याच नावाचा कारखाना पुढे मुंबईत घाटकोपर येथे ‘हिंदुस्थान फेरोडो’ म्हणून उभा राहिला. विसाव्या शतकाच्या आरंभी अॅस्बेस्टॉस, म्हणजे उष्णता सोसणारे तंतुमय खनिज, या अस्तरांत आले आणि अनेक दशके टिकले. त्याची धूळ फुप्फुसांचे असाध्य विकार निर्माण करते हे सिद्ध झाल्यानंतरही ते हटायला फार काळ गेला. ब्रिटनमध्ये त्यावर पूर्ण बंदी आली ती १९९९ मध्ये.

चौथ्या घटकाचा, म्हणजे पृष्ठसंख्येचा, विचार मात्र शंकूच्या काळातच झाला होता. ब्रिटिश अभियंते प्राध्यापक हेन्री हेले-शॉ यांनी इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारख्या खाचा असलेल्या अनेक पातळ धातूच्या चकत्या एकावर एक रचून तेलात चालणारा क्लच तयार केला. दाब बेताचा, व्यास लहान, तरी पकड भरपूर आणि सुटणेही मृदू, असा हा उपाय तत्त्वतः इतका निर्दोष होता की तो मागे पडला याचे आश्चर्य वाटावे. पण थंडीत तेल घट्ट झाले की चकत्या एकमेकींना चिकटून राहत आणि पेडल दाबूनही गिअरबॉक्सचा दांडा फिरतच राही, त्यामुळे गिअर बदलताना दात करकरत. फेरोडोसारखी अस्तरे उपलब्ध झाल्यावर दोन्ही बाजूंनी घासणारी एकच कोरडी चकती स्वस्त आणि पुरेशी ठरली, आणि पहिल्या महायुद्धानंतर तीच सर्वसाधारण गाड्यांत रूढ झाली.

इंजिनांची ताकद वाढत गेली तशी या एका चकतीवर अधिक दाब देणे हा सरळ मार्ग होता. जुन्या प्रेशर प्लेटमध्ये, म्हणजे चकती दाबून धरणाऱ्या भागात, वर्तुळाकार मांडलेल्या वेटोळी स्प्रिंगा असत. त्या जास्त ताठ केल्या की पेडल जड होई, अस्तर झिजले की दाब उतरे आणि वेग फार वाढला की केंद्रोत्सारी बलाने स्प्रिंगा बाहेर वाकत. अमेरिकेतील ड्रॅग शर्यतींत यावर एक चतुर तोड वापरात होती : प्रेशर प्लेटच्या तरफांना वजने जोडायची, म्हणजे फेरे वाढताच तीच वजने बाहेर फेकली जाऊन दाब आपोआप वाढवतील. शर्यतीला ते शोभून दिसे. पण रस्त्यावर चढ्या फेऱ्यांत गिअर बदलू पाहणाऱ्याला नेमके तेव्हाच पेडल अधिक जड लागे. डायफ्रॅम स्प्रिंगने, म्हणजे मधून चिरा पाडलेल्या उथळ शंकूसारख्या पोलादी तबकडीने, या अडचणी बऱ्याच सोडवल्या. तिचा दाब झिजेबरोबर लगेच उतरत नाही, आणि पेडल एका टप्प्यापुढे गेले की उलट हलके होते. अमेरिकेत १९३० च्या दशकात आलेली ही स्प्रिंग युरोपात रुळायला १९६० चे दशक उजाडले.

घर्षणगुणांक वाढवण्याचा मार्ग विमानांचे ब्रेक आणि अवजड यंत्रे यांच्याकडून आला. धातूची भुकटी दाबून व तापवून बनवलेली अस्तरे प्रचंड उष्णता सोसतात, म्हणून शर्यतीच्या गाड्यांत त्यांचे चार किंवा सहा सुटे ठोकळे चकतीवर बसवू लागले. नेहमीच्या चकतीत दोन अस्तरांमध्ये लाटेसारख्या वाकवलेल्या पातळ पोलादी पट्ट्या असतात, आणि त्या दबत जाताना पकड टप्प्याटप्प्याने वाढते. ठोकळ्यांच्या बहुतेक चकत्यांत त्या नसतात, म्हणून सिग्नलवर ‘हाफ क्लच’वर गाडी सरकवताना सारा सांगाडा थरथरतो. अशा चकतीची शिफारस रोजच्या वापरासाठी करणारा विक्रेता बहुधा स्वतः बसने प्रवास करीत असावा.

१९८९ मध्ये निसानची स्कायलाइन जीटी-आर बाजारात आली आणि शर्यतीच्या गाड्यांचा हा प्रश्न रोजच्या रस्त्यावर उतरला. तिच्या दोन टर्बोचार्जरांच्या २.६ लिटर इंजिनाची जाहीर ताकद २८० अश्वशक्ती होती, पण हवेचा दाब वाढवला की ते याहून कितीतरी अधिक देई. मूळ क्लच तेवढ्यासाठी नव्हता. ओकायामाची ओएस गिकेन आणि ओसाकाजवळची एक्सेडी या जपानी कंपन्यांचे दोन आणि तीन चकत्यांचे क्लच अशा गाड्यांत बसू लागले. सुरुवातीच्या रचनांत क्लच मोकळा असताना चकत्यांमधली तरंगती प्लेट खडखडे. तरी गणित हेले-शॉ यांचेच होते : दोन चकत्या म्हणजे चार पृष्ठे, म्हणून तेच मृदू अस्तर आणि तोच दाब ठेवून दुप्पट टॉर्क पेलता येतो. गाड्यांच्या उत्पादकांनीही पुढे हाच रस्ता धरला. ५०० अश्वशक्तीची फोर्ड शेल्बी जीटी ५००, २००७ या मॉडेलवर्षात, तर ६३८ अश्वशक्तीची कॉर्वेट झेडआर-वन २००९ या मॉडेलवर्षात दोन चकत्यांचा क्लच घेऊनच कारखान्यातून बाहेर पडली.

बाजारात मात्र क्लच अजूनही अश्वशक्तीच्या आकड्यावर विकला जातो, हे तांत्रिकदृष्ट्या अर्धवट आहे. ४०० अश्वशक्ती मिनिटाला ८,००० फेऱ्यांवर मिळत असेल तर त्या क्षणी क्लचवर येणारा टॉर्क सुमारे ३५६ न्यूटन-मीटर असतो, आणि तीच ताकद ४,००० फेऱ्यांवर मिळत असेल तर तो ७१२ होतो. ‘स्टेज एक’, ‘स्टेज दोन’ या पाट्यांनाही कोणतेच सर्वमान्य प्रमाण नाही. एका कंपनीचा दुसरा टप्पा दुसरीच्या पहिल्याएवढा असू शकतो. शिवाय गरजेहून फार मोठा क्लच निवडला तर अचानक बसणारा धक्का घसरणीत जिरत नाही, आणि तो पुढे गिअरचे दात किंवा अॅक्सल शोधतो. २०२० ची शेल्बी जीटी ५०० ७६० अश्वशक्तीची निघाली, पण तिला क्लचचे पेडलच नाही. तिचे दोन क्लच तेलात चालतात आणि ते केव्हा, किती घसरू द्यायचे हे संगणक ठरवतो.