बोरघाटाचा मुकादम आणि व्हिसाचा दलाल

परदेशी नोकरीच्या नावाखाली एखादा तरुण फसला की वस्तीत एक वाक्य हमखास ऐकू येते : "हाव केली, भोगतोय." आम्हाला हे वाक्य मान्य नाही. पिळलेल्या माणसालाच दोष देणे ही या देशाची जुनी रीत आहे. कर्जत-खालापूरच्या तरुणांनी तरी ती उचलू नये. कामाच्या नावावर माणूस कसा बांधला जातो, हा इतिहास त्यांच्या समोरच्या डोंगरातच घडला आहे.

१८५६ साली बोरघाटातल्या रेल्वेचे काम सुरू झाले आणि १८६३ साली गाडी घाट चढली. काम ऐन भरात असताना चाळीस हजारांवर मजूर हा डोंगर फोडत होते. कंपनीने काम दिले गोऱ्या ठेकेदाराला, त्याने पोटठेकेदाराला, आणि मजूर आणायचा तो मुकादम. पैसा वरून खाली येताना मध्येच अडायचा. जानेवारी १८५९ मध्ये थकलेल्या मजुरीवरून मजूर पेटून उठले. आणि त्याच १८५९ साली सरकारने कायदा कोणता केला? आगाऊ रक्कम घेऊन काम सोडणाऱ्या मजुराला तीन महिन्यांपर्यंत तुरुंगात टाकण्याचा! हा कायदा मोडीत काढायला १९२५ साल उजाडावे लागले.

समुद्रापलीकडेही हेच चालू होते. १८३४ पासून मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांवर गिरमिटिया मजूर जाऊ लागले. मुंबई बंदरातून गेलेल्या मराठी माणसांचे वंशज आजही तिथे आहेत. कागदावर अंगठा मजुराचा, पण कागदात काय लिहिले आहे ते दलाल सांगेल तेच खरे. ही भरती १९१७ साली थांबली.

मग आज काय बदलले? मुकादम उचल देऊन माणसाला बांधायचा. आमच्या तालुक्यांतली कातकरी कुटुंबे आजही अशीच उचल घेऊन वीटभट्टीवर जातात. व्हिसाचा दलाल मात्र उलट आपल्याकडूनच पैसे घेतो. आईचे दागिने गहाण पडतात, आणि त्या कर्जामुळेच पोरगा तिथून परतू शकत नाही. म्हणजे स्वतःच्या बेडीची किंमत आपणच मोजतो! मार्च २०२५ मध्ये म्यानमार-थायलंड सीमेवरून ५४९ भारतीयांना हवाई दलाच्या विमानांनी परत आणावे लागले. चांगल्या नोकरीचे आमिष दाखवून नेलेल्या अशा तरुणांना तिथे ऑनलाइन फसवणुकीच्या कामाला जुंपले जात होते.

परदेशी जाऊ नका, असे आम्ही म्हणत नाही. बाबासाहेबही १९१३ साली करार करूनच अमेरिकेला गेले. शिष्यवृत्तीच्या बदल्यात बडोदा संस्थानची दहा वर्षे नोकरी, ही अट त्यांना सही करण्यापूर्वी माहीत होती. गिरमिटियाचा कागद आणि बाबासाहेबांचा करार यांतला फरक हाच आहे. पुढे ते व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री असताना, १९४५ साली, केंद्राच्या श्रम खात्याने रोजगार विनिमय कार्यालयांची व्यवस्था उभी केली. काम देणारा आणि काम मागणारा यांच्या मध्ये दलाल नव्हे, तर सरकारी कार्यालय असावे, हे तिचे मर्म होते.

तेच मर्म आज हत्यार म्हणून वापरायचे आहे. १९८३ च्या उत्प्रवास कायद्यानुसार परदेशी नोकरभरती करणाऱ्या एजंटाकडे सरकारी नोंदणी लागते. परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर त्याचे नाव तपासा. सेवाशुल्क जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावर जीएसटी, तेही पावती घेऊनच. "आधी टुरिस्ट व्हिसावर जा, तिथे गेल्यावर बदलून देऊ" असे कोणी म्हणाले, तर तिथेच उठा. करारात मालकाचे नाव, पगार, कामाचे तास आणि परतीची सोय वाचल्याशिवाय सही करू नका, आणि पासपोर्ट कोणाच्या हाती देऊ नका. ऑनलाइन पैसे गेले असतील तर लाजू नका, ताबडतोब १९३० वर फोन करा आणि पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या.

हे एकट्याचे काम नाही. प्रत्येक बुद्धविहारात रविवारी एक तास असा ठेवा, की ज्याच्या हाती परदेशी नोकरीचा कागद आला आहे त्याने तो चौघांसमोर मोठ्याने वाचावा. बोरघाटाच्या मजुराला वाचता येत नव्हते, कारण त्याला शिकू दिले नव्हते. आपल्याला वाचता येते. मग न वाचता सही का करायची?

जय भीम!