निषिद्ध ग्रंथांचें मंदिर

राजसत्तेनें ग्रंथ निषिद्ध ठरविल्याचीं व जाळल्याचीं उदाहरणें इतिहासांत विपुल आहेत. परंतु त्या निषिद्ध ग्रंथांचेच चिरे करून सत्तेस उत्तर दिल्याचें उदाहरण विरळा. आर्जेंटिनांतील कलावती मार्ता मिनुहीन यांचें ‘ग्रंथांचें पार्थेनॉन’ हें तसें एक होय. त्याची हकीकत येथें संक्षेपानें देतों.

आर्जेंटिनांत १९७६ सालीं लष्करानें सत्ता बळकाविली. त्याच वर्षीं एप्रिलांत कोर्दोबा येथें सेनाधिकाऱ्यांनीं ग्रंथांची होळी केली. बंदींतून बालवाङ्मयहि सुटलें नाहीं. एल्सा बोर्नेमान यांचा कथासंग्रह १९७७ सालीं निषिद्ध झाला. त्यांतील एका कथेंत सर्कशीचा हत्ती इतर जनावरांस संपास उठवितो, एवढेंहि राज्यकर्त्यांस सहन झालें नाहीं.

१९८३ च्या डिसेंबरांत लोकसत्ता परत आली. त्याच महिन्यांत मिनुहीनबाईंनीं ब्वेनोस आयरेस येथील ‘९ जुलै’ या राजमार्गावर अथेन्सच्या पार्थेनॉन मंदिराच्या घाटाचा लोखंडी सांगाडा उभारिला व बंदींतील सुमारें २०,००० ग्रंथ त्यावर मढविले. अथेन्स ही प्राचीन लोकसत्तेची भूमि. म्हणून तेथील मंदिराचा आकार योजिला हें उघड आहे.

पुढें २०१७ सालीं जर्मनींतील कासेल येथें, ज्या चौकांत १९ मे १९३३ रोजीं नाझी पक्षानें सुमारें २,००० ग्रंथ जाळले होते, तेथेंच बाईंनीं हें मंदिर पुन्हां उभें केलें. या वेळीं त्यास लागणारे ग्रंथ लोकांनीं दान दिले.

यावर असा आक्षेप संभवतो कीं, वेष्टनांत गुंडाळून खांबास जखडलेला ग्रंथ उघडतां येत नाहीं. मग बंदी आणि हें मंदिर यांत भेद तो काय? याचें समाधान कृतीच्या शेवटांत आहे. ब्वेनोस आयरेस येथें कांहीं दिवसांनीं यारीच्या साह्यानें सांगाडा कलता केला आणि जमलेल्या लोकांनीं ग्रंथ काढून नेले; कासेल येथेंहि अखेरीस ते लोकांस वांटले. पार्थिव मूर्तीचें पूजन विसर्जनावांचून सांग होत नाहीं, तद्वत् हें मंदिर मोडल्यावांचून पुरें होत नाहीं. सत्तेनें ग्रंथ वाचकापासून तोडला होता. या विसर्जनानें तो पुन्हां त्याच्या हातीं आला. म्हणून या वास्तूचे अवशेष शोधावयाचे ते भूमींत नव्हेत, घरोघरच्या फडताळांत.