देणारा हात

'दत्तक' या शब्दाच्या पोटातच दानाची कल्पना आहे. जे मूल दिले गेले ते दत्त. जन्मदात्यांनी मूल आपल्या हाताने द्यावे आणि घेणाऱ्याने ते आपल्या हाताने स्वीकारावे, यावर आपल्या धर्मशास्त्राचा मोठा कटाक्ष होता. १९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्यानेही ही अट कायम राखली. १८७५ मध्ये नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावचा गोपाळराव बडोद्याच्या गादीवर दत्तक गेला आणि पुढे सयाजीराव महाराज म्हणून कीर्ती पावला. तो कोणत्या घरचा, हे साऱ्या संस्थानाला ठाऊक होते. विसाव्या शतकात मात्र मुले समुद्रापार दत्तक जाऊ लागली आणि या दोन हातांपैकी देणारा हात हळूहळू दृष्टीआड झाला. दक्षिण कोरियाइतका या घटनेचा दीर्घ इतिहास दुसऱ्या क्वचितच एखाद्या देशाला असेल.

१९५३ मध्ये कोरियातील युद्ध थांबले तेव्हा शहरे उद्ध्वस्त झाली होती आणि अनाथालये मुलांनी भरून गेली होती. त्यांतही परदेशी सैनिकांपासून कोरियन स्त्रियांना झालेल्या मुलांची स्थिती अधिक दारुण होती. वंशशुद्धीचा अभिमान बाळगणाऱ्या आणि पित्यावरून कुळ व नागरिकत्व ठरवणाऱ्या त्या समाजात पिता नसलेल्या मुलाला जागाच नव्हती. अमेरिकेतील ऑरेगन राज्यातल्या हॅरी होल्ट आणि बर्था होल्ट या शेतकरी दांपत्याने या मुलांची हकिकत ऐकली. त्यांना स्वतःची सहा अपत्ये होती. तरीही त्यांनी आणखी आठ मुले घेण्याचा निश्चय केला. तेव्हाच्या कायद्याने एका कुटुंबाला दोनच परदेशी अनाथ मुले आणता येत असत. अमेरिकेच्या काँग्रेसने त्यांच्यासाठी खास कायदा केला आणि १९५५ च्या ऑक्टोबरमध्ये होल्ट त्या आठ मुलांना घेऊन मायदेशी परतले. ही वार्ता देशभर पसरली आणि शेकडो कुटुंबांनी आपल्यालाही असे मूल मिळावे म्हणून पत्रे पाठवली. पुढच्याच वर्षी होल्ट यांची संस्था उभी राहिली.

त्या कुटुंबांच्या आनंदाची थट्टा करण्याचे कारण नाही. अनेक दांपत्यांनी वर्षानुवर्षे रिकाम्या पाळण्याचे दुःख सोसले होते. टपालाने एक छायाचित्र येई, ते दिवाणखान्यात मांडले जाई, आणि महिनोन्महिने त्या चेहऱ्याशी मनातल्या मनात बोलणे चाले. प्रारंभी तर प्रतिनिधीमार्फत, मुलाला प्रत्यक्ष न पाहताच दत्तविधान होत असे. १९६१ मध्ये अमेरिकेने ही पद्धत बंद केली. विमानतळावर ते मूल प्रथम कुशीत येई तेव्हा घेणाऱ्या मातेच्या डोळ्यांना धारा लागत. परंतु त्याच क्षणी ते मूलही रडत असे, आणि दोघांच्या अश्रूंचा अर्थ एक नव्हता. उबदार जमिनीवर चारचौघांत निजण्याची सवय असलेल्या लेकराला उंच पलंगावर, अंधाऱ्या खोलीत एकटे झोपवले जाई. अन्नाची चव निराळी, भाषा निराळी, हाक मारण्याचे नावही निराळे. काही महिन्यांत ते नवी भाषा बोलू लागे आणि जुनी विसरून जाई. घरच्यांना वाटे, मूल रुळले. पुष्कळदा ते खरेही असे. परंतु विसरणे म्हणजे भरून येणे नव्हे.

१९६६ मध्ये आठ वर्षांची एक मुलगी अशीच कॅलिफोर्नियात उतरली. तिच्या कागदपत्रांवर चा जंग ही हे नाव होते. कोरियात आपले आईबाप आहेत, असे ती भाषा येऊ लागल्यावर सांगू पाहत होती. पण ते स्वप्न असावे अशी तिची समजूत घालण्यात आली. कालांतराने तिला स्वतःलाही ते खरे वाटले. थोर झाल्यावर जुन्या कागदांत तिला दोन छायाचित्रे आढळली. दोहोंमागे नाव एकच होते, मुली मात्र वेगळ्या. अनाथालयाने एका मुलीच्या जागी दुसरीच पाठवली होती. तिचे खरे नाव कांग ओक जिन, आणि तिची आई कोरियात जिवंत होती. दारिद्र्यामुळे त्या आईने मुलीला अनाथालयाच्या स्वाधीन केले होते. पुढे चित्रपटकर्ती झालेल्या डियान बोर्शे लीम यांनी २००० साली आपली ही कथा पडद्यावर आणली. त्यासाठी त्या आपल्या दत्तक आईबापांना घेऊन कोरियाला गेल्या. जन्मदाते आणि पालनकर्ते एका छताखाली बसले. एकीकडे कृतज्ञता, दुसरीकडे अपराधाची बोचणी, आणि मध्ये दोन्ही घरांवर प्रेम करणारी, पण आईशी बोलायला दुभाष्या लागणारी मुलगी.

ही एकट्या कुटुंबाची चूक नव्हती. युद्धाचे व्रण बुजले, सोल शहर कारखान्यांनी गजबजले, तरी मुलांचे परदेशी जाणे थांबले नाही, उलट वाढले. १९८५ या एका वर्षात आठ हजारांहून अधिक मुले गेली. आता त्यांत गरीब घरांची आणि विशेषतः अविवाहित मातांची मुले होती. आईबाप हयात असतानाही अनेक मुलांची नोंद निराधार म्हणून होई, कारण तेवढ्याने पुढचा मार्ग सुकर होत असे. देणारी आई कागदावर उरतच नसे. १९८८ च्या सोल ऑलिंपिकच्या वेळी जगातील वृत्तपत्रांनी टीका केली, तेव्हा संख्या घटू लागली. आजवर सुमारे दोन लाख मुले कोरियाबाहेर दत्तक गेली. त्यांतील काहींच्या पालकांनी नागरिकत्वाची औपचारिकता पुरी केली नाही; त्यांच्यातील कित्येकांना प्रौढ वयात अमेरिकेतून परत धाडण्यात आले.

१९९८ मध्ये राष्ट्राध्यक्ष किम दे जुंग यांनी दत्तक गेलेल्यांना बोलावून त्यांची क्षमा मागितली. २०२५ च्या मार्चमध्ये सत्यशोधन आयोगाने बनावट नोंदींचा ठपका शासनावर ठेवला आणि ऑक्टोबरमध्ये राष्ट्राध्यक्ष ली जे म्यंग यांनी राष्ट्राच्या वतीने माफी मागितली. पहिल्या आठ मुलांच्या प्रवासाला तेव्हा सत्तर वर्षे झाली होती.

भारतालाही हा प्रश्न परका नव्हता. लक्ष्मीकांत पांडे या वकिलांच्या पत्रावरून सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये परदेशी दत्तकाबद्दल नियम घालून दिले. मुलासाठी आधी स्वदेशात घर शोधावे, आणि त्याच्या जन्मापूर्वी आईकडून कोणताही निर्णय घेऊ नये, असे त्यांत सांगितले होते. २०१५ च्या बालन्याय कायद्याने मूल सोपवणाऱ्या आईबापांना फेरविचारासाठी दोन महिन्यांची मुदत दिली. या मुदतीमागे जुन्या विधीतलेच शहाणपण आहे. घेणाऱ्या घरी दिवे लागतात तेव्हा दुसऱ्या कुठल्या तरी घरी अंधार झालेला असतो. त्या घराचे नाव मुलापासून लपवले नाही, म्हणून नव्या आईची माया उणी होत नाही. ते नाव जपून ठेवणे हेही त्या मायेचेच काम आहे.