वरसईची झोळी आणि झाशीची लूट

झाशीच्या वेशीबाहेर आता उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम असे दोन महामार्ग एकमेकांस छेदतात. थंडीच्या दिवसांत तेथे कधी कधी हलक्या किमतीच्या मोटारसायकलींचा तांडा विसावलेला दिसतो. एखाद्या सत्कार्यासाठी निधी जमवीत निघालेली ती तरुण मंडळी असतात. साधन तुटपुंजे, पल्ला लांबचा आणि झोळी पुढे केलेली, हा प्रवास आम्हां मराठी माणसांस नवा नाही. असाच एक झोळीवाला बंडाच्या धामधुमीत या गावी आला होता. त्याचे वाहन म्हणजे त्याचे दोन पाय.

ते विष्णुभट गोडसे, पेणजवळील वरसईचे भिक्षुक. घरावर कर्ज झालेले. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार असून विद्वानांस भरघोस दक्षिणा मिळणार, ही वार्ता कोकणात पोहोचली आणि १८५७ च्या आरंभी विष्णुभट चुलत्यांसह उत्तरेकडे निघाले. त्या मुलखाविषयी घरच्यांच्या मनात नाना शंका होत्या. दूरदेशी मूल धाडताना आपल्याही घरी त्या निघाल्याच असतील! महूच्या आसपास बंडाची चाहूल लागली. तरी हे परतले नाहीत. ग्वाल्हेरहून ते झाशीस आले.

येथे त्यांस परके वाटले नसावे. संस्थानिक नेवाळकर मूळचे रत्नागिरीकडील कोट गावचे. वाड्यात मराठी बोलणे, मराठी सणवार, शास्त्री-पंडितांचा राबता. दोघांस आश्रय मिळाला, दक्षिणाही मिळाली. त्या हिवाळ्यातील एक प्रसंग विष्णुभटांनी लिहून ठेवला आहे. महालक्ष्मीच्या दर्शनाहून परतताना राणी लक्ष्मीबाईंची वाट गोरगरिबांच्या गर्दीने अडविली. चौकशीअंती थंडीचे गाऱ्हाणे कळले, तेव्हा बाईंनी त्या सर्वांस उबदार कपडे वाटण्याची आज्ञा केली. लढाईच्या वर्णनांत हा प्रसंग बहुधा हरवतो. आम्हांस मात्र घोड्यावरील राणीइतकीच ही राणीही जवळची वाटते.

२१ मार्च १८५८ रोजी ह्यू रोझ झाशीसमोर येऊन ठेपला. मदतीस आलेल्या तात्या टोप्यांचा १ एप्रिलला बेतवेकाठी पराभव झाला. ३ एप्रिलला गोरे शहरात शिरले. मग कत्तल, आगी आणि लूट. हे चुलते-पुतणे लपून जिवानिशी वाचले, परंतु जमविलेली दक्षिणा लुटीत गेली. कर्ज फेडावयास आलेला माणूस पुन्हा रिकाम्या हाती उभा राहिला. विशेष हे की, स्वतःच्या पैशांबरोबरच वाड्यातील ग्रंथसंग्रहाच्या नाशाचीही हळहळ त्यांनी व्यक्त केली आहे.

पुढे काळपीच्या वाटेवर, एका विहिरीपाशी, धुळीने माखलेली, तहानलेली राणी त्यांस पुन्हा दिसली. भटजी पाणी काढू लागले, तर बाईंनी त्यांस थांबवून स्वतःच काढले.

हे सारे विष्णुभटांनी पंचवीसेक वर्षांनी, आठवणीतून लिहिले. तेव्हा तिथी आणि आकडे यांबाबत त्यांच्यावर सर्वस्वी विसंबू नये. डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टींचे मोल मात्र त्याने घटत नाही. चिंतामण विनायक वैद्य यांनी 'माझा प्रवास' १९०७ साली प्रसिद्ध केला, तोही संस्कार करून. मूळ हस्तलिखितावरून दत्तो वामन पोतदारांनी काढलेली आवृत्ती १९६६ ची. आमच्या झाशीतील घरांतून वडीलधाऱ्यांनी सांगितलेल्या वेढ्याच्या कितीतरी गोष्टींचे मूळ त्याच पानांत सापडते.

लुटीनंतरही विष्णुभट थेट घरी वळले नाहीत. त्यांनी तीर्थयात्रा केली, गंगेचे पाणी कावडीत भरले आणि ती कावड खांद्यावर घेऊन ते कोकणात उतरले. वरसईस पोहोचल्यावर त्यांनी आईवडिलांस त्या पाण्याने स्नान घातले.