चाकांचे गाव, पनवेल

रविवारी सकाळी पनवेलच्या एखाद्या सोसायटीत डोकावा. मायक्रोफायबरचे फडके, मेणाची डबी आणि गाडीवर वाकलेला मालक दिसेलच. वाहन जपण्याची रीत या गावात मोटारीहून जुनी आहे.

१८३० मध्ये बोरघाटाचा रस्ता गाड्यांसाठी खुला झाला. पुण्याचा माल बैलगाडीने पनवेल बंदरात येई व तेथून जलमार्गे मुंबईस जाई. बैलगाडीची चाके घडवणे हा एकोणिसाव्या शतकात येथला प्रमुख उद्योग; देशावरचे गाडीवान ती विकत नेत. चकाकीची फिकीर कोणाला? कण्याला वंगण हवे, चाकावर लोखंडी धाव घट्ट हवी. घाटात जीव त्यावरच.

आज जपतात तो पृष्ठभाग. रंगावरील पारदर्शक थर जेमतेम ४०-५० मायक्रॉनचा. मेण त्यावर नुसते बसते. कंपाउंड मात्र दर वेळी तो थोडा झिजवते. (शिवराई घासून लखलखीत करणाऱ्या मित्रांनीही हे ध्यानी घ्यावे.) आमच्या काकांनी हौसेने महिन्याकाठी कंपाउंड फिरवून बॉनेटवरचा थर पार संपवला. आता दसऱ्याला तिथे झेंडूचा हार घालताना ते आधी खाली मऊ फडके अंथरतात.